दाखला काढण्याआधी : खान्देशातील पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पालक बंधू-भगिनींना, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या यादीत ज्यांचे नाव आहे पण सभेचे बोलावणे ज्यांना क्वचितच येते अशा माझ्या बहिणींना, सप्रेम नमस्कार.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आपल्याकडे वर्षाचे हिशोब मांडले जातात. वर्षाच्या बोलीने शेतात राबणाऱ्या सालदाराचे साल ठरते, बियाण्याच्या पाकिटांचा अंदाज बांधला जातो, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि आमरसाच्या पंगतीत, झोक्याखाली, ओट्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो : यंदा मुलाला कोणत्या शाळेत घालणार? शाळेचा निर्णय आपण याच दिवसांत घेतो, आणि तो घेताना आपल्यासमोर नातेवाइकांची मते, तालुक्याच्या शाळेचे रंगीत पत्रक आणि शेजारच्या मुलाच्या गळ्यातला टाय यांपलीकडे फारशी माहिती नसते. मी हा निर्णय एकदा चुकीचा घेतला आणि पुढे उशिरा का होईना, दुरुस्त केला. त्या चुकीचा भार माझ्या मुलावर जेवढा पडला, त्याहून अधिक तो गावातल्या दुसऱ्यांच्या मुलांवर पडला, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तुम्हाला वेळेत कळावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे गाव तापीच्या खोऱ्यात आहे. पाच एकर कोरडवाहू जमीन, कापूस हे मुख्य पीक, घरात बोलायची भाषा अहिराणी. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले. माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीपर्यंत शिकली. तिच्यामागून मुलगा २०१७ साली त्याच शाळेत पहिलीत गेला, आणि जून २०१८ मध्ये मी त्याचा दाखला काढून त्याला चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले.

मी असे का केले, हे प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे, कारण मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईबापांना हौशी किंवा दिखाऊ ठरवणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि ते वाचताना प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे. मुलाच्या पहिलीच्या वर्षात त्याच्या वर्गशिक्षकांचे कितीतरी दिवस मतदार यादी, वेगवेगळी सर्वेक्षणे, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत गेले. त्या दिवशी दोन वर्ग एकत्र बसत. शिक्षक चांगले होते, पण ते पुढच्या वर्षी असतील की त्यांची बदली होईल, हे मुख्याध्यापकांनाही सांगता येत नव्हते. छत गळत होते, त्याचा प्रस्ताव कुठेतरी गेलेला होता. दुसरीकडे खासगी शाळेचे लोक मार्चमध्येच घरी आले. त्यांनी गाडी कितीला येईल, वर्ग कोणता, बाई कोण, गणवेश केव्हा मिळेल, सारे सांगितले. त्यांचे शिकवणे अधिक चांगले आहे, याची मला कोणतीही खात्री नव्हती, खात्री होती ती एवढीच की शाळा रोज भरेल. आपल्यासारखी माणसे पावसाच्या आणि भावाच्या भरवशावर वर्ष काढतात. निदान मुलाच्या शाळेत तरी अनिश्चितता नसावी असे एखाद्या आईला वाटले, तर त्यात हौस कसली?

आता खर्चाविषयी. पहिल्या वर्षी फी अठरा हजार, गाडीचे दहा महिन्यांचे सात हजार, पुस्तके, गणवेश आणि बूट मिळून साडेचार हजार असे साडेएकोणतीस हजार रुपये गेले. २०१८-१९ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,४५० रुपये होता, म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला असता तरी जवळपास साडेपाच क्विंटल कापूस एका मुलाच्या दुसरीसाठी विकावा लागला. कोरडवाहू रानात एवढा कापूस यायला दीड एकर तरी लागते, आणि बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी ही त्यातून वेगळी वजा होते. फीचा पहिला हप्ता नेमका जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर द्यावा लागे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मुलासाठी आपण याहून अधिक सोसतो. पण हा हिशोब दाखला काढण्यापूर्वी आम्ही नवरा-बायकोने कागदावर एकदाही मांडला नव्हता.

खर्चापेक्षा मला अधिक लागली ती मुलाची मुकाट झालेली जीभ. गावच्या शाळेत त्याला शिकवणारे सर आमच्याच भागातले होते आणि मुलाने अहिराणीत उत्तर दिले तर ते आधी 'बरोबर' म्हणत आणि मग तेच प्रमाण मराठीत सांगून घेत. नव्या शाळेत वर्गात मराठी बोलले तरी दंड होता, तिथे अहिराणीला कोण विचारतो? माझा मुलगा घरी इंग्रजी कविता हातवारे करून म्हणून दाखवी, आणि त्याचे आजोबा कौतुकाने डोळे पुसत. प्रगतिपत्रकावर चांगल्या श्रेणी होत्या. एके दिवशी त्याच्या बहिणीने सहज त्याला बावन्नमधून सत्तावीस वजा करायला सांगितले. हातचा घ्यायचा असतो हे त्याला माहीत नव्हते. तिसरीच्या इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद त्याने घडाघडा वाचला, पण अर्थ विचारल्यावर गप्प बसला आणि रात्री अंथरुणात मला म्हणाला, "माय, माले काहीच समजस नही." त्यानंतर गावातल्याच एका मुलीकडे त्याची शिकवणी लावली, म्हणजे फी एका शाळेला आणि शिकवणे दुसऱ्याचे.

तिथल्या बाईंना मी दोष देणार नाही. अडीच वर्षांत त्याच्या वर्गाला चार बाई बदलल्या. त्यांतल्या एकीने सांगितले की तिला मिळणाऱ्या पगारात तिचे जाण्यायेण्याचे भाडे कसेबसे भागते. जी शाळा रोज भरेल याची मला खात्री होती, तिथे शिकवणारी बाई सहा महिने टिकेल याची खात्री नव्हती. ही चौकशी मी मार्चमध्ये करायला हवी होती.

मुलांना वाचता येत नाही, हा दोष कुठल्या एका प्रकारच्या शाळेचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुलांचे वाचन आणि गणित घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्केच होती, २०२२ मध्ये तर ती १६.३ टक्के होती. खासगी शाळांतले प्रमाण याहून वर आहे, पण निम्म्यापर्यंत तेही पोहोचत नाही, आणि तिथे येणाऱ्या मुलांच्या घरी पुस्तक, पैसा व शिकलेले आईबाप तुलनेने अधिक असतात. म्हणून शाळेच्या फाटकावर काय लिहिले आहे, यापेक्षा आपल्या मुलाला आज काय वाचता येते, हे घरीच तपासावे. त्यासाठी एक परिच्छेद आणि हातच्याची एक वजाबाकी पुरते.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते.

मी मुलाचा दाखला काढला तेव्हा आमच्या पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ६२ होता. त्याच महिन्यात आमच्याच गल्लीतली आणखी दोन मुले, मुख्यतः आमचे पाहून, त्याच गाडीने जाऊ लागली. पट ५९ झाला. तीन मुले गेली तर गेली, असे मला वाटले होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन, ९१ ते १२० साठी चार आणि १२१ ते २०० साठी पाच असा हिशोब दिलेला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सप्टेंबरअखेरच्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, झाली आणि आमच्या शाळेतले तिसरे पद गेले. जे सर अतिरिक्त ठरले, ते तेच अहिराणी बोलणारे सर होते. त्यांचे समायोजन दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत झाले. मागे पाच वर्गांना दोन शिक्षक उरले, त्यांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार, खिचडीची नोंद आणि सगळे ऑनलाइन काम. पुढच्या वर्षी लोक म्हणू लागले की या शाळेत आता शिकवायलाच कोणी नाही, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. पट ४७ वर आला.

ज्यांची मुले मागे राहिली, ती कोणाची होती? सालदारांची, ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्यांची, आजीजवळ ठेवलेल्या मुलांची, आणि मुलीला गावातच शिकवू पण मुलाला बाहेर पाठवू असे ठरवलेल्या घरांतल्या मुलींची. माझ्या घरातही मुलगी गावच्या शाळेत आणि मुलगा गाडीत, असेच झाले होते. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. त्या मुलांना निवड नव्हतीच. माझ्या निवडीने त्यांचे शिक्षक गेले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की खेड्यात शाळा निवडणे ही एका घराची खासगी बाब राहत नाही. शहरात एक मूल इकडून तिकडे गेल्याने कोणाचा शिक्षक जात नाही, आपल्या गावात जातो. हा निर्णय आपण एकेकटे, ओट्यावर, एकमेकांना न विचारता घेतो आणि त्याचा परिणाम साऱ्या गावाला भोगावा लागतो. तो एकत्र बसून घेतला पाहिजे.

यात सारा दोष पालकांचा आहे, असे मी म्हणत नाही. पट घसरला म्हणून शिक्षक काढायचा, शिक्षक नाही म्हणून आणखी मुले जाणार, आणि मग पट कमी आहे म्हणून शाळाच दुसरीकडे जोडायची, हे चक्र शासनाने स्वतः फिरते ठेवले आहे. २०२३ मध्ये राज्यातील वीस किंवा त्याहून कमी पटाच्या, चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा उदाहरण म्हणून पुण्याच्या पानशेतबरोबर आपल्या नंदुरबारमधल्या तोरणमाळचे नाव घेतले गेले. सातपुड्यात विखुरलेल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी चांगली निवासी शाळा उभी राहिली, तर तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलीला आईपासून दूर ठेवणे हाच तिला शिकवण्याचा एकमेव मार्ग आहे, असे मानायला मी तयार नाही. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असण्याचा नियम केला, तो पायी चालणाऱ्या लहान मुलाला डोळ्यांसमोर ठेवूनच. त्यानंतर १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले आणि गेलेले पद परत मिळवणे पूर्वीपेक्षा अवघड झाले.

धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर भागातल्या बहिणींना मी वेगळे सांगावे असे काही नाही. आदिवासी विकास विभाग तुमच्या मुलांची फी भरून त्यांना दूरच्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो, आणि ज्या पाड्यावरून मूल गेले तिथल्या शाळेचा पट तेवढाच उतरतो. एका मुलाला चांगली संधी मिळाली याचा आनंद मानायचा की उरलेल्यांची काळजी करायची, असा पेच शासनाने आईसमोर टाकू नये. नर्मदेच्या काठावरच्या गावांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या जीवनशाळा उभ्या केल्या आणि मुलांना त्यांच्याच बोलीतून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा कागदावर तिथे सरकारी शाळा होत्याच, पण त्यांत शिकवणारे कोणी येत नव्हते. शाळेला आपले म्हणणारे गाव काय करू शकते, हे पाहायला आपल्याला खान्देशाबाहेर जावे लागत नाही.

'खासगी' या शब्दाचाही थोडा विचार करावा. आपल्याकडची बहुतेक जुनी हायस्कुले खासगी संस्थांचीच आहेत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला ज्या शाळेत शिक्षक होते आणि जिच्या छात्रालयात ते मुलांची आईप्रमाणे काळजी घेत, ती सरकारी शाळा नव्हती, श्रीमंत प्रताप शेठजींच्या दानातून वाढलेल्या संस्थेची होती. दान देऊन काढलेली शाळा आणि फी घेण्यासाठी काढलेली शाळा यांना एकच शब्द वापरून आपण गोंधळ करतो. आपली बहुतेक मुले पुढे अनुदानित संस्थांच्या हायस्कुलातच जातात. माझा विरोध संस्थेला नाही.

पंचवीस टक्के राखीव जागांविषयीही अनेक जण विचारतात. विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी कायद्याने ठेवलेल्या त्या जागा आपला हक्क आहेत. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट देणारा बदल राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. ज्यांना ती जागा मिळेल त्यांनी ती जरूर घ्यावी. पण सोडतीत नाव लागणे म्हणजे गावच्या शाळेचा प्रश्न सुटणे नव्हे.

मुलाला मी परत कसे आणले, ते सांगते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. घरात एकच मोबाइल, तो मुलाच्या वडिलांबरोबर शेतात जाई. खासगी शाळेचे तास त्या मोबाइलवर होत आणि फीचे निरोपही त्यावरच येत. त्याच काळात गावच्या शाळेतले सर मंदिराच्या ओट्यावर चार-चार, पाच-पाच मुलांना लांब लांब बसवून शिकवत होते आणि माझा मुलगा दुरून ते पाहत उभा राहत असे. त्या वर्षाच्या शेवटी आम्ही त्याला परत आणायचे ठरवले. थकलेली फी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही, असे सांगण्यात आले. तेव्हा गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला समजावले की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. मुलगा चौथीत बसला. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे कितीतरी आईबाप कर्ज काढून फी भरत राहतात. ती चारचौघांत सांगावी.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून अकरा मुले परत आली. त्यांच्या आया एकमेकींशी बोलल्या होत्या, म्हणून ती परत आली. त्याच सुमारास माझे नाव शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, हे मला कळले. नाव एक वर्षापासून होते, सह्या घरी येऊन घेतल्या जात. कायद्याचे कलम २१ सांगते की या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम कलम २२ ने याच समितीला दिले आहे. आम्ही पाच बायका पहिल्यांदा सभेला गेलो तेव्हा खुर्च्या कमी पडल्या, कारण आम्ही येऊ असे कोणाला वाटले नव्हते.

आम्ही फार मोठे काही केले नाही. दर शनिवारी सकाळच्या शाळेत दोघी-तिघी जायचो आणि एकेका मुलाला जवळ घेऊन वाचायला लावायचो. कोणाला येते, कोणाला येत नाही, ते वहीत लिहायचो. पहिल्या शनिवारी तिसरी ते पाचवीच्या मुलांपैकी निम्म्यांना सलग वाचता येत नव्हते, आणि त्यांत माझाही मुलगा होता. ती वही आम्ही कोणावर खटला भरावा तशी शिक्षकांसमोर ठेवली नाही. सरांनीच ती मागून घेतली आणि म्हणाले, मला दुसरा माणूस द्या, मी यांना वाचायला शिकवतो. मग लोकवर्गणी काढली. डी.एड. झालेल्या गावातल्याच दोन मुलींना महिन्याचे मानधन ठरवून दिले. खासगी शाळेच्या फीपेक्षा त्या वर्गणीचा आकडा प्रत्येक घराला कितीतरी लहान पडला. ६४ पट झाल्यावर तिसऱ्या पदासाठी अर्ज केले, केंद्रप्रमुखांना भेटलो, पंचायत समितीत चार खेपा घातल्या. पवित्र पोर्टलवरून झालेल्या भरतीतून २०२४ मध्ये आम्हाला मराठवाड्यातली एक तरुण शिक्षिका मिळाली. तिला अहिराणी येत नव्हती. आता मुले तिला शिकवतात आणि ती हसत शिकते.

वर्गणीतून शिक्षक ठेवणे हा उपाय मी तुम्हाला सुचवत नाही. ते काम शासनाचे आहे आणि गरिबाच्या खिशातून ते करून घेणे अन्यायाचे आहे. आमच्यासमोर दोन वर्षे दुसरा मार्ग नव्हता, एवढेच.

इंग्रजीचा प्रश्न मी टाळत नाही. आपल्या मुलांना इंग्रजी आले पाहिजे, यात कोणाचे दुमत नाही. पण इंग्रजी शिकणे आणि सगळेच इंग्रजीतून शिकणे यांत फरक आहे. ज्या भाषेत मूल विचार करते तिच्यात आकडेमोड आणि वाचन पक्के झाले की दुसरी भाषा त्यावर चढते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे सांगते, ते याच अनुभवावरून. अनेक जिल्हा परिषद शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. तुमच्या गावी नसेल तर समितीने ठराव करून मागणी करावी, पण आधी गणित इंग्रजीतून शिकवायला तयार शिक्षक आहे का, ते पाहावे. नुसते नाव बदलून उपयोग नाही. माझ्या मुलाला वाचन पुन्हा जमायला एक वर्ष लागले. आज तो नववीत आहे, इंग्रजीत त्याला बरे गुण पडतात, आणि आजीशी तो अहिराणीतच भांडतो.

शिक्षकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण तुमच्यातले कित्येक आमच्यासारखेच पालक आहेत. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांना तुम्हाला लावता येते. याहून वेगळे काम आले तर समितीला कळवा, आम्ही लेखी हरकत घेऊ. पण मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहण्याचा ठराव ग्रामसभेकडून घ्यायचा आणि प्रत्यक्षात रोज तासभर उशिरा येणाऱ्या बसने यायचे, असे जिथे चालते तिथे आम्ही तुमची बाजू घेऊ शकत नाही. आणि तुमची स्वतःची मुले ज्या शाळेत जातात, त्याकडे गाव पाहत असते.

आता माझी विनंती. अखाजीच्या आधी, खासगी शाळांची पत्रके घरोघर येण्याच्याही आधी, प्रत्येक गावाच्या समितीने शाळेच्या पटांगणात पालकांची बैठक बोलवावी. शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, त्याच दिवशी घेतली तरी चालेल. त्या बैठकीत मुख्याध्यापकांकडून तीनच गोष्टी विचाराव्यात : आजचा पट किती आहे, पदे किती मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, आणि येत्या जूनमध्ये पहिलीला कोण शिकवणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांच्या हातात नसते, हे मला माहीत आहे. म्हणून तो प्रश्न ठराव करून वर पाठवावा आणि उत्तर लेखी मागावे. बदल्या आणि समायोजनाचे आदेश पालकांनी निर्णय घेऊन टाकल्यावर निघतात, तोवर मुले गाडीत बसलेली असतात. हे आदेश एप्रिलच्या आत निघावेत, आणि पहिली-दुसरीला शिकवणारा शिक्षक निदान दोन वर्षे हलू नये, ही मागणी तिन्ही जिल्ह्यांतल्या समित्यांनी एकाच वेळी केली तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाणार नाही. आणि ज्यांना मूल बाहेर घालायचेच आहे त्यांनीही त्या बैठकीला यावे, आपली कारणे मोकळेपणाने सांगावीत. त्यांना कोणी बोल लावणार नाही. त्यांची कारणे हीच शाळेच्या दुरुस्तीची यादी आहे.

आमच्या गावातली बैठक अखाजीच्या आधीच्या रविवारी आहे. आज आमचा पट ६३ आहे. यंदा पाचवीची चौदा मुले बाहेर पडतील. पहिलीत येण्याजोगी पंधरा मुले गावात आहेत, त्यांतली अकरा येणार हे नक्की आहे. उरलेल्या चार घरांचे ठरलेले नाही. ती चारही आली नाहीत तर आकडा ६० वर थांबेल आणि २०१८ साली जे झाले तेच पुन्हा होण्याची भीती आहे. त्या चारांपैकी एक घर माझ्या धाकट्या जावेचे आहे. काल संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. तिने चहा ठेवला, माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, पण पहिलीला बाई त्याच राहतील ना?" बाईंच्या बदलीविषयी मी पंधरा दिवसांपूर्वी लेखी विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही, आणि जावेला मी तेवढेच सांगू शकले.

आपली नम्र,
एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आणि दोन मुलांची आई